नामप्रश्न आणि गुप्त प्रतिसाद
भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळांतील सांकेतिक नावे व मराठी नामव्यवहार

१. विषयप्रवेश

ज्यांस व्यवहारात 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात, त्या भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळांत पुष्कळदा आरंभीच एक प्रश्न विचारला जातो : नायकाचे नाव काय? खेळणारा पडद्यावरील अक्षरे एकामागून एक निवडून नाव घडवितो, ते कायम करतो आणि कथा पुढे सरकते. बहुतेक नावांना यंत्राकडून काहीच उत्तर मिळत नाही. नाव निमूटपणे साठविले जाते आणि पुढे इतर पात्रांच्या तोंडी ठिकठिकाणी येत राहते. परंतु काही मोजकी नावे अशी असतात की ती लिहिताच खेळाचे वर्तन पालटते. कोठे नाव नाकारले जाते, कोठे एखादे पात्र त्यावर शेरा मारते, कोठे सारी कथाच निराळ्या वाटेने जाते. या नावांची यादी बहुधा खेळणाऱ्याच्या हाती दिलेली नसते.

प्रस्तुत लेखात अशा नावांस 'गुप्त नाव', त्यांमुळे प्रकट होणाऱ्या वर्तनास 'गुप्त प्रतिसाद' आणि नाव विचारण्याच्या मूळ क्रियेस 'नामप्रश्न' अशा संज्ञा योजिल्या आहेत. हा विषय मराठीच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, नाव विचारणे, नाव लपविणे, नाव आडवळणाने सांगणे आणि त्यावर ठराविक प्रतिसाद मिळणे हा व्यवहार आपल्या समाजाला नवा नाही. जन्मनावापासून उखाण्यापर्यंत त्याची अनेक रूपे आपल्याकडे रूढ आहेत. ही दोन क्षेत्रे शेजारी ठेवून पाहिली असता दोहोंवर प्रकाश पडतो; शिवाय मराठी व्याकरणातील एक जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे येतो. नामप्रश्नाचे खरे मर्म गुप्त नावांच्या चमत्कृतीत नसून, येणाऱ्या नावाची पूर्वकल्पना रचनाकाराने कितपत केलेली आहे यात आहे. आणि मराठीत ही पूर्वकल्पना विभक्तिप्रत्ययापासूनच करावी लागते, हे या लेखाचे प्रतिपाद्य होय.

२. यंत्रात काय घडते

प्रथम यंत्रातील क्रिया थोडक्यात समजून घेऊ. संगणकाच्या दृष्टीने नाव म्हणजे अंकांची एक मालिका होय. प्रत्येक अक्षरास एक सांकेतिक क्रमांक असतो आणि ते क्रमांक स्मृतिकोशात ओळीने मांडलेले असतात. खेळणाऱ्याने नाव कायम केले की आज्ञावली त्या मालिकेची तुलना आपल्याजवळच्या यादीशी करते. मालिका तंतोतंत जुळली तर त्या नावापुढे नेमून दिलेली कृती घडते. न जुळल्यास सर्वसामान्य मार्ग चालू राहतो.

या साध्या रचनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, गुप्त प्रतिसाद हे यंत्राचे 'समजणे' नव्हे. कोणी तरी हे नाव लिहील अशी कल्पना एका मनुष्याने आधीच केलेली असते आणि त्याचे उत्तर तो लिहून ठेवून गेलेला असतो. दुसरी गोष्ट नावाच्या लांबीची. स्मृतिकोश आणि पडद्यावरील जागा या दोहोंच्या मर्यादेमुळे नावासाठी मोजकीच घरे ठेवलेली असतात. जपानमध्ये इ. स. १९८६ साली निघालेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळात नायकाचे नाव चार जपानी अक्षरांत बसवावे लागे, त्याच वर्षीच्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा' मध्ये आठ घरे होती, इ. स. २०१५ मधील 'अंडरटेल' मध्ये सहा आहेत. घरांची संख्या ही वरवर पाहता क्षुल्लक तांत्रिक बाब आहे. परंतु कोणाचे नाव पूर्ण मावते आणि कोणाचे छाटले जाते, हे तीच ठरविते.

३. नावाची चार कार्ये

गुप्त नावांची उदाहरणे पुष्कळ असली, तरी नावाकडून कोणते कार्य करून घेतले जाते या दृष्टीने त्यांचे चार वर्ग पाडता येतात.

पहिल्या वर्गात नाव किल्लीचे काम करते. 'द लेजेंड ऑफ झेल्डा' हा खेळ काटेकोर अर्थाने भूमिकाप्रधान नव्हे, साहसप्रधान आहे. पण या वर्गाचे ठळक उदाहरण तेथेच सापडते. हा खेळ एकदा पूर्ण करणाऱ्यास त्याची दुसरी, अधिक कठीण आवृत्ती खुली होते. तिच्यातील भुयारांची रचना व वस्तूंच्या जागा बदललेल्या असतात. परंतु आरंभी नायकाचे नाव म्हणून राजकन्येचेच नाव, म्हणजे 'झेल्डा', लिहिले तर पहिली फेरी न खेळताच ही दुसरी आवृत्ती सुरू होते. येथे नावाच्या अर्थाशी यंत्राला कर्तव्य नाही. ते दाराचे कुलूप उघडते, इतकेच.

दुसऱ्या वर्गात नाव दैवाचे काम करते. 'ड्रॅगन क्वेस्ट' मध्ये खेळणाऱ्याने दिलेल्या नावातील अक्षरांना सांख्यिक मूल्ये असतात. त्यांच्या बेरजेवरून नायकाची शक्ती, चपळता, प्राणबल आणि मंत्रबल कोणत्या गतीने वाढावीत हे ठरते. दोन मुलांनी एकच खेळ सारख्याच कौशल्याने खेळला, तरी एकाचा नायक मंत्रात पुढे जातो आणि दुसऱ्याचा शस्त्रात. कारण त्यांनी दिलेली नावे निराळी असतात. मूळ जपानी आवृत्तीत खेळ थांबविताना वीस अक्षरांचा एक 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' मिळत असे. नायकाचे नाव आणि त्याची प्रगती त्या मंत्रात गुंफलेली असत, आणि तो कागदावर बिनचूक उतरून ठेवणे हे खेळणाऱ्याचे काम असे.

मराठी वाचकास येथे अवकहडा चक्राचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. सत्तावीस नक्षत्रे आणि प्रत्येकाची चार चरणे, अशी एकंदर १०८ अक्षरे पंचांगात दिलेली असतात. अश्विनीची चू, चे, चो, ला, रोहिणीची ओ, वा, वी, वू, याप्रमाणे. मूल ज्या चरणावर जन्मते त्या अक्षरावरून त्याचे जन्मनाव निघते. म्हणजे आपल्याकडे दैव आधी आणि अक्षर त्यातून निष्पन्न. 'ड्रॅगन क्वेस्ट' मध्ये अक्षर आधी आणि दैव त्यातून निष्पन्न. दिशा उलट असली, तरी अक्षर आणि भवितव्य यांना एका कोष्टकाने जोडण्याची कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे. भेद इतकाच की पंचांगाचे कोष्टक सर्वांस उघड असते, आणि खेळाचे कोष्टक आज्ञावलीच्या पोटात दडलेले असते.

तिसऱ्या वर्गात नाव कृत्याचा शिक्का बनते. इ. स. १९९३ मधील 'लिंक्स अवेकनिंग' या खेळात दुकानदाराची नजर चुकवून वस्तू पळविता येते. परंतु त्यानंतर खेळणाऱ्याने हौसेने दिलेले नाव नाहीसे होते आणि बेटावरील सर्व पात्रे नायकास 'चोर' या नावाने हाक मारू लागतात. पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकल्यास दुकानदार प्राणच घेतो. येथील गुप्त प्रतिसाद नाव लिहिण्याने जागा होत नाही, वर्तनाने होतो. गावात एखाद्याला एका प्रसंगावरून टोपणनाव पडते आणि मूळ नाव जवळजवळ विसरले जाते, त्याच जातीचा हा व्यवहार आहे.

चौथा वर्ग सर्वांत सूक्ष्म आहे. त्यात नावाचा खरा धनी कोण, हाच प्रश्न उभा केलेला असतो. टोबी फॉक्स यांच्या 'अंडरटेल' मध्ये आरंभी एका पडलेल्या मानवाचे नाव विचारले जाते. खेळातीलच एखाद्या पात्राचे नाव येथे लिहिले, तर ते पात्र जणू पडद्यामागून उत्तर देते. मातृतुल्य तोरिएल स्वतःचे नाव शोधण्यास सांगते. सॅन्स साफ नकार देतो. त्याचा भाऊ पपायरस मात्र आनंदाने परवानगी देतो. पपायरसचे नाव रोमन लिपीत सात अक्षरांचे आहे आणि घरे तर सहाच; म्हणून शेवटचे अक्षर गाळलेले रूप लिहिले तरी खेळ ते ओळखतो. रोमन 'ए' हे अक्षर सहा वेळा लिहिणाऱ्याच्या कल्पनादारिद्र्यावरही शेरा ठेवलेला आहे. 'गॅस्टर' हे नाव लिहिल्यास खेळ काहीही न बोलता आरंभापासून पुन्हा सुरू होतो. 'फ्रिस्क' लिहिल्यास आधी धोक्याची सूचना मिळते आणि मग काही काळापुरती अधिक कठीण कथा सुरू होते. आणि 'कारा' लिहिल्यास हेच खरे नाव असल्याची नोंद होते.

या शेवटच्या दोन प्रतिसादांचा अर्थ कथेच्या अखेरीस उलगडतो. खेळणारा ज्या मुलास चालवीत होता त्याचे नाव फ्रिस्क होते. आरंभी दिलेले नाव त्याचे नव्हतेच. ते फार पूर्वी पडलेल्या दुसऱ्याच एका बालकाचे होते. म्हणजे नामप्रश्नास उत्तर देताना खेळणाऱ्याने जे गृहीत धरले होते, तेच खोटे ठरते.

शिगेसातो इतोई यांच्या 'मदर २' (इ. स. १९९४, इंग्रजीत 'अर्थबाउंड', इ. स. १९९५) या खेळात हेच तत्त्व निराळ्या रीतीने आले आहे. तेथे आरंभी चार मुलांची नावे विचारली जातात. पुढे कथेच्या ओघात, जवळजवळ सहज म्हणून, खेळणाऱ्याचे स्वतःचे नाव विचारले जाते आणि बराच काळ त्याचा काही उपयोग होत नाही. अंतिम संग्रामात मुलगी एकामागून एक सर्व परिचितांस प्रार्थनेने हाक घालते. शेवटची हाक पडद्याबाहेर बसलेल्या त्या मनुष्यास नावाने जाते.

नाव आधी घेऊन ठेवावयाचे आणि योग्य प्रसंगीच प्रकट करावयाचे, ही रीती आपल्या परंपरेतही आढळते. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाचे व्यवहारातील नाव सांगून झाल्यावर अभिवादनासाठी एक निराळे नाव ठेवावयास सांगितले आहे. उपनयनापर्यंत ते केवळ मातापित्यांस ठाऊक असावयाचे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या गुप्त नामाची चर्चा केलेली आहे. उपनयनाच्या वेळी मुलगा समाजात प्रवेश करतो आणि तेव्हाच त्याचे झाकलेले नाव त्याच्या उपयोगास येते. 'अर्थबाउंड' मधील विलंब आणि सूत्रकारांनी सांगितलेला विलंब यांचे प्रयोजन अगदी एक आहे असे म्हणता येणार नाही. तरीही नाव राखून ठेवल्याने त्याचे मोल वाढते, हे दोघांनीही ओळखलेले आहे.

४. उखाणा : नामप्रश्नाचे मराठी तंत्र

वर सांगितलेल्या साम्यांपेक्षा अधिक जवळचे साम्य उखाण्यात आहे. नवरानवरी घरात प्रवेश करू लागली की बहिणी उंबरठ्यावर दार अडवितात आणि नाव घेतल्याशिवाय आत सोडीत नाहीत. मंगळागौर, डोहाळेजेवण, हळदीकुंकू अशा प्रसंगीही नाव घेण्याचा आग्रह होतो. पतीचे नाव एरवी उच्चारावयाचे नाही हा जुना निर्बंध, आणि या प्रसंगी मात्र ते घेतलेच पाहिजे हा दुसरा निर्बंध. या दोहोंच्या मधल्या फटीतून उखाणा जन्मास आला आहे. पहिला निर्बंध आता बहुतेक घरांतून शिथिल झाला, तरी दुसरा टिकून आहे.

खेळातील गुप्त नाव आणि उखाण्यातील नाव यांत एक मूलभूत भेद आहे. खेळात नाव अज्ञात असते आणि ते सापडणे हेच यश असते. उखाण्यात नाव सर्वांस ठाऊक असते; अडविणाऱ्या बहिणीला तर आपल्या भावाचे नाव नक्कीच ठाऊक असते. तेथे माहिती लपविलेली नसते, उच्चार तेवढा लांबविलेला असतो. म्हणून उखाण्याचा प्रतिसाद कधी चुकत नाही. दार उघडतेच, हसणे होतेच. कसोटी असते ती नाव कसे आणले याची.

परंतु लोकवाङ्मयाच्या अभ्यासकाने आजवर उखाण्यात आशय, यमक आणि स्त्रीजीवनाचे प्रतिबिंब पाहिले, तसे आता त्याच्या यांत्रिक रचनेकडेही पाहिले पाहिजे. उखाणा हा बहुधा तयार साचा असतो. छापील संग्रहांतून नावाच्या जागी टिंबे घातलेली असतात आणि पुढे 'राव' हा शब्द येतो. एकच उखाणा हजारो स्त्रिया वापरतात. बदलते ते फक्त टिंबांच्या जागचे नाव. खेळातील संवादही तसेच लिहिले जातात : वाक्य आधी तयार असते, त्यात एक रिक्त स्थान असते आणि खेळणाऱ्याने दिलेले नाव तेथे बसविले जाते. जे नाव अद्याप ठाऊकच नाही ते वाक्यात कसे सामावून घ्यावयाचे, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे.

उखाण्याने तो दोन युक्त्यांनी सोडविला. पहिली युक्ती यमकाची. नाव कोणत्या अक्षराने संपेल याचा नेम नसल्यामुळे यमकाचा भार नावावर कधीच टाकलेला नसतो. तो नावाच्या आधीच्या ओळीतील आणि नावानंतर येणाऱ्या शब्दांवर असतो. दुसरी युक्ती याहून महत्त्वाची आहे, आणि ती 'राव' या शब्दात दडलेली आहे.

५. 'राव' हा शब्द काय साधतो

मराठीत नामास विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या विकाराची सविस्तर मांडणी आहे. राम असेल तर 'रामाला', गंगा असेल तर 'गंगेला', विष्णू असेल तर 'विष्णूला'. त्यात आता व्यवहारातील बदलाची भर पडली आहे. 'सीतेला' म्हणणारा मनुष्यच 'स्मिताला' म्हणतो. 'रामाला' म्हणणारा 'रमेशला' म्हणतो. नवीन विशेषनामे पुष्कळदा सामान्यरूप न होताच प्रत्यय घेतात, जुनी घेत नाहीत, आणि यांमधील सीमारेषा प्रत्येक घराण्यात निराळी असते. इंग्रजीत किंवा जपानीत नावाचे रूप न बदलता पुढे शब्द अथवा निपात जोडता येतो. म्हणून तेथील खेळकर्त्यास रिक्त स्थानात कोणतेही नाव बसविता आले. मराठीत तीच कृती डोळे मिटून केल्यास 'गंगाला', 'गंगाने' अशी कानास खटकणारी वाक्ये निर्माण होतात.

'राव' हा शब्द येथे उपयोगी पडतो. नाव कोणतेही असो, विकार होतो तो 'राव' या शब्दाचा : रावांचे, रावांना, रावांनी. नाव स्वतः प्रथमेच्या रूपात अबाधित राहते आणि आदरार्थी बहुवचनामुळे क्रियापदाचे रूपही निश्चित होते. सामान्यपणे 'राव' हा आदराचा शब्द मानला जातो, आणि तो तसा आहेच. पण रचनेच्या दृष्टीने तो नाव धरण्याची मूठ आहे. पुरुषाने पत्नीचे नाव घ्यावयाचे असता अशी सर्वमान्य मूठ उपलब्ध नाही. त्यामुळे पुरुषांच्या उखाण्यांत पुष्कळदा नाव प्रथमेत ठेवून वाक्य फिरविलेले आढळते.

लेखी मराठीत अशी आणखी एक मूठ आहे, ती म्हणजे 'यांना', 'यांनी', 'यांचे' ही सर्वनामाची रूपे. कार्यालयीन पत्रांत आणि निमंत्रणपत्रिकांत नावासाठी कोरी जागा सोडून पुढे 'यांस' छापलेले असते, ते याच कारणास्तव. ही रचना लिंगनिरपेक्षही आहे. मात्र तिचा सूर दूरस्थ आहे. खेळातील राजाज्ञा, शिलालेख, पत्र यांत ती शोभेल. परंतु आई आपल्या मुलीविषयी बोलताना 'गंगा यांना जेवावयास बोलवा' असे म्हणू लागली, तर शोकप्रसंगाचाही विनोद होईल.

लिंगाचा प्रश्न याहून अवघड आहे. 'अंडरटेल' मधील बालकाचे लिंग कोठेही सांगितलेले नाही, आणि इंग्रजीत ते न सांगता कथा चालविता आली. मराठीत 'तू आलास' किंवा 'तू आलीस' यांपैकी एक म्हणावेच लागते. येथे भाषेतच दोन वाटा सापडतात. एक, 'तुम्ही आलात' हे आदरार्थी रूप; त्यात लिंगभेद दिसत नाही. दुसरी, कर्मणी प्रयोग : 'तू दार उघडलेस' या वाक्यात क्रियापद दाराच्या अनुरोधाने चालते, कर्त्याच्या नव्हे. म्हणून कुशल अनुवादक येणे-जाणे या अकर्मक क्रिया टाळून पाहणे, उघडणे, उचलणे या सकर्मक क्रियांनी भूतकाळ रचू शकेल. कर्मणी प्रयोगाचा असा उपयोग व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकात सांगितलेला नसतो; परंतु वाचकाचे लिंग ठाऊक नसताना लिहावयाच्या प्रत्येक मराठी मजकुरास तो लागू पडेल.

६. अनसिंगकरांचे नाव

आता नामप्रश्नास एक प्रत्यक्ष मराठी नाव देऊन पाहू. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाशीम तालुक्यात, अनसिंग हे गाव आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म, इ. स. १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून निराळा वाशीम जिल्हा करण्यात आला. गावाच्या नावास 'कर' जोडून आडनाव करण्याच्या आपल्या रीतीने येथून 'अनसिंगकर' असे नाव सिद्ध होते.

हे नाव रोमन लिपीत ए, एन, एस, आय, एन, जी, के, ए, आर अशा नऊ अक्षरांनी लिहिले जाईल. सहा घरांच्या चौकटीत ते मावणार नाही. शेवटची तीन अक्षरे गळतील आणि मागे राहील केवळ 'अनसिंग' : मनुष्य गेला आणि गाव उरले. पपायरसचेही एक अक्षर गळते. पण त्याच्या छाटलेल्या नावासही उत्तर तयार ठेवलेले आहे, कारण तो त्या जगाचा रहिवासी आहे. अनसिंगकरांच्या नावास तेथे नकार नाही, शेरा नाही, परवानगीही नाही. असे नाव कधी येईल ही कल्पनाच कोणी केलेली नाही.

देवनागरीत लिहिले तर प्रश्न सुटतो काय? येथे मोजण्याचे एकक कोणते, यावर सर्व अवलंबून आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने 'अनसिंगकर' या नावात अ, न, सिं, ग, क, र अशी सहा अक्षरे आहेत. म्हणजे सहा घरांत ते पूर्ण मावते. परंतु युनिकोड या प्रचलित संकेतपद्धतीत 'सिं' हे एक अक्षर नसून स, वेलांटी आणि अनुस्वार अशी तीन चिन्हे आहेत. त्या हिशेबाने संपूर्ण नावाची आठ चिन्हे होतात. यंत्राने सहा चिन्हे मोजून पुढचे छाटले, तर देवनागरीतही पुन्हा 'अनसिंग' एवढेच उरेल. नावात वेलांटी वा अनुस्वार नेमका सीमेवर आला असता तर अक्षर मधूनच तुटले असते. अक्षराची आपली कल्पना आणि चिन्हाची यंत्राची कल्पना यांतील हे अंतर ज्या रचनाकारास ठाऊक नाही, तो अजाणता अर्ध्या महाराष्ट्राची नावे छाटील.

गुप्त प्रतिसाद हा केवळ गमतीचा भाग नाही, हे यावरून दिसून येईल. एखाद्या खेळाने कोणत्या नावांची वाट पाहिली, कोणत्या छाटलेल्या रूपांचीही आठवण ठेवली आणि कोणती नावे त्याच्या कल्पनेत आलीच नाहीत, यावरून तो कोणासाठी रचला गेला याचा उलगडा होतो. भारतीय कथावस्तू असलेले खेळ आता आपल्याकडेही होऊ लागले आहेत. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' (इ. स. २०२०) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्यात नायिकेचे नाव निश्चित केलेले आहे. त्यामुळे नामप्रश्न उद्भवत नाही. जेव्हा एखादा मराठी खेळ खेळणाऱ्यास नाव विचारील, तेव्हा वरील सर्व प्रश्नांची उत्तरे त्याच्या कर्त्यांपाशी तयार असली पाहिजेत.

७. गुप्ततेचे आयुष्य

शेवटी गुप्ततेच्या टिकाऊपणाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. वऱ्हाडाशी निकटचा संबंध असलेल्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. किल्ली पंथीयांकडे होती तोवर ग्रंथ सुरक्षित राहिले. परंतु 'लीळाचरित्रा'सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेरच्या वाचकांस जवळजवळ अज्ञातच राहिला. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, पुढे ह. ना. नेने, य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते प्रभृती विद्वानांच्या परिश्रमांनी हे वाङ्मय अभ्यासकांच्या हाती आले. संकेताने ग्रंथ राखले, आणि संकेतानेच ते दीर्घकाळ मराठी वाङ्मयेतिहासापासून दूर ठेवले.

खेळांतील गुप्त नावांच्या बाबतीत उलगड्याचे काम सोपे आहे. आज्ञावली उकलून यादी वाचता येते, आणि बहुतेक प्रसिद्ध खेळांच्या याद्या तशा रीतीने बाहेर आलेल्या आहेत. परंतु यादी हाती आली म्हणजे अभ्यास संपला असे नव्हे. सकळ लिपीची किल्ली मिळाल्यावर ग्रंथाचा अर्थ लावण्याचे काम सुरू झाले, संपले नाही. उखाण्यांचे छापील संग्रह विपुल आहेत. पण उंबरठ्यावर कोणी अडविले, नाव घेण्यास किती वेळ लावला, कोण हसले आणि कोणी आणखी एकदा घ्यावयास लावले, याची नोंद त्यांत नसते. त्याचप्रमाणे गुप्त नावांच्या याद्यांतून नाव आणि प्रतिसाद कळतो; ते नाव पहिल्याने कोणी का लिहून पाहिले, मित्राच्या कानात ते कसे सांगितले, हे कळत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे दोन कामे हाती घेता येण्याजोगी आहेत. आपापल्या गावातील आणि नात्यातील खेळणाऱ्या मुलामुलींनी नामप्रश्नास कोणती नावे दिली, आपले मराठी नाव रोमन घरांत कसे छाटले वा बदलले, याची पद्धतशीर नोंद करणे, हे पहिले. एकाच वाक्याच्या रिक्त स्थानात निरनिराळ्या प्रकारची शंभर मराठी विशेषनामे बसवून, कोणत्या विभक्तीत कोणते रूप आजच्या बोलीस मान्य आहे हे वऱ्हाडात आणि इतरत्र तपासणे, हे दुसरे. पहिल्या कामातून लोकव्यवहाराचा एक नवा कप्पा उघडेल. दुसऱ्यातून विशेषनामांच्या सामान्यरूपाचा आजचा नियम हाती लागेल, आणि तो खेळकर्त्यांइतकाच व्याकरणकारांसही उपयोगी पडेल. उखाण्याने 'राव' हा एक शब्द योजून जे साधले, ते नव्या माध्यमात कोणत्या शब्दाने साधावयाचे, याचे उत्तर या दोन नोंदींतूनच निघू शकेल.